कुत्र्या-मांजरांच्या घरात वाळलेल्या गवताची सजावट

वाळलेल्या गवताचे तुरे घरात आणायचे म्हटलं, की पहिली शंका येते विषाची. पंपास (पिसासारखे उंच तुरे), बनी टेल (सशाच्या शेपटीसारखा गोंडा) किंवा आपला कास, यांची फारशी भीती नाही. त्रास होतो तो कुसळांचा, सुटणाऱ्या तंतूंचा आणि वर मारलेल्या रंगांचा. म्हणून निवड करताना तुरा हातात घेऊन बघाच.

दोन बोटांत तुरा धरा आणि शेंड्याकडून दांड्याकडे अलगद ओढा. बोट अडकलं किंवा टोचलं, तर ते गवत कुत्र्याच्या घरात नको. पुण्यातल्या वेताळ टेकडी, तळजाईवर पावसाळ्यानंतर मोज्यांत घुसतं ते कुसळी गवत याच जातीचं. त्याच्या बीला एका बाजूला अणकुचीदार टोक आणि मागे वळणारे बारीक केस असतात. दमट हवेत कुसळाचा पीळ सुटतो, कोरड्या हवेत पुन्हा बसतो, आणि या फिरण्याने बी मातीत शिरते. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात, कानात किंवा नाकात ती अशीच आत सरकते आणि मागे येत नाही. हे गवत कितीही देखणं वाटलं तरी घरात आणू नका.

गव्हाच्या ओंब्या फुलदाणीत सुरेख दिसतात, पण त्यांची कुसळंही खरबरीत असतात. ती कापून टाकली तरी तुकडे जमिनीवर राहतात. त्यापेक्षा नाचणीची किंवा ज्वारीची कणसं घ्या. फक्त दाण्यात टोके (धान्यातले किडे) असू शकतात, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून 3 दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मग उन्हात खडखडीत वाळवा. दाणे गळू लागले तर कणसं काढून टाका, नाहीतर उंदीर येतील.

पंपास आणि कास यांची अडचण तंतूंची आहे. तुरा पिकला की वाऱ्यावर उडण्यासाठीच ते सुटतात. तुरा पानाच्या वेष्टनातून अर्धा बाहेर आलेला असताना कापला, तर खूप कमी गळतो. उलटा टांगून सावलीत 2 ते 3 आठवडे वाळवा. विकत घेताना काळ्या कापडावर झटकून बघा. रंगवलेला असेल, तर ओल्या पांढऱ्या रुमालाने पुसा. रंग उतरला तर तो मांजरीच्या पोटातही जाणार.

तंतू बसवण्यासाठी हेअर स्प्रे मारायची पद्धत आहे. मांजर असेल तर तो टाळा, कारण अंगावर पडलेलं ती चाटून घेते. शिवाय स्प्रे पेट घेतो. उघड्या तुऱ्याऐवजी काचेच्या झाकणाखाली छोटी मांडणी केली, तर प्रश्नच उरत नाही. बनी टेलसाठी आम्ही हेच सुचवू, कारण मांजरीला तो मऊ गोंडा खेळणंच वाटतो.

3-4 फुटी पंपाससाठी हलकी काच नको. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून रुंद बुडाचं मातीचं भांडं आणा, एक तृतीयांश वाळू भरा. वाळूवर मोठे गोटे दाबून बसवा. उघडी वाळू दिसली की मांजर तिथे शी-शू करते, आणि गोटे लहान असले तर कुत्रं गिळतं. सेंटर टेबल कुत्र्याच्या शेपटीच्या उंचीवर असतं, तिथे काहीच ठेवू नका.

मांजर जागच्या जागी 5 फूट सहज उडी मारते, त्यामुळे उंच शेल्फ पुरेसं नाही. सोफ्याची पाठ, फ्रिज, खिडकीचा कठडा यांपासून लांब भिंतीवर जुडी उलटी टांगा; खालचं टोक 6 फुटांच्या वर हवं. पंख्याखाली मात्र नको. तुरा हलला की शिकार सुरू होते, आणि गळतीही वाढते.

तयार गुच्छात गवतासोबत काय बांधलंय तेही तपासा. निलगिरी, जिप्सो (बारीक पांढरी फुलं), हायड्रेंजिया काढून टाका. लिली मांजरीच्या घरात अजिबात नको, वाळलेलीही नको; तिने मांजरीची किडनी निकामी होते. सायकसची पानं आणि बिया कुत्र्यांना घातक असतात.

पुण्यात जून ते सप्टेंबर तुऱ्यांवर बुरशी धरते. या काळात सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद पिशवीत ठेवा. कुबट वास आला किंवा काळे ठिपके दिसले तर फेकून द्या. दिवाळीत पणत्या, एरवी निरांजन आणि उदबत्ती यांच्या आसपास तुरे नकोत. वाळलेलं गवत क्षणात पेटतं.

सतत शिंका, डोकं झटकणं, पंजा चाटत राहणं, वारंवार उलट्या, खाणं किंवा शी बंद होणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी व्हेटकडे जा. तोंडातून किंवा शीच्या जागेतून तंतू लोंबत असेल तर ओढू नका. आतड्याला इजा होते. जाताना त्याच गवताचा तुरा सोबत न्या, म्हणजे पोटात काय गेलं असेल ते डॉक्टरांना लगेच कळतं.