कार्बनचे डाग टाळायला घरचा ट्रान्सफर पेपर

एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाच्या) मखरावर नक्षी उतरवायला साधा निळा कार्बन पेपर वापरला की रेघ मेणकट उमटते. खोडरबराने ती धड जात नाही आणि फिकट अ‍ॅक्रिलिकखालून डोकावत राहते. ग्राफाइटची, म्हणजे पेन्सिलच्या शिशाची, रेघ खोडता येते, म्हणून नक्षीखाली ठेवायचा ग्राफाइटचा कागद घरीच केलेला बरा.

ए४ ट्रेसिंग पेपर, ६बी (मऊ, गडद शिशाची) पेन्सिल, कापूस आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटवर कागद-पेन्सिल सहज मिळते. एचबी नको, तिचं शिसं कडक असतं, कागद नुसता खरवडतो. पेन्सिल आडवी धरून आधी उभे, मग आडवे फराटे मारा. कापसावर अल्कोहोलचे चार-पाच थेंब टाकून गोल गोल चोळा. कापूस निथळता असेल तर ग्राफाइट वाहून कडेला जमतं आणि मधे टक्कल पडतं. पाणी तर नकोच, कागद सुरकुततो. (खिडकी उघडी, गॅस बंद.)

वाळल्यावर कोरड्या कापसाने पुसा. बोटाला जेमतेम राखाडी डाग लागला पाहिजे. हे पुसणं टाळलं की गिरवताना हाताच्या दाबाने खालचा सगळा एमडीएफ काळवंडतो.

काळ्या रंगाच्या बोर्डासाठी कागदावर ग्राफाइटऐवजी पांढरा चॉक पेस्टल नुसता कोरडा घासा. कागदाची घासलेली बाजू खाली ठेवून वरची नक्षी गिरवायला शाई संपलेलं बॉलपेन उत्तम. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत कागद वळतो, तो प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सपाट ठेवा. फिका पडला की पुन्हा ६बी फिरवा.