मेथीचा अजिंक्यतारा

आमचा धाकटा साडेतीन वर्षांचा. ताटात हिरवं दिसलं की तोंड घट्ट मिटलंच. काऊचा घास, चिऊचा घास, सगळं करून झालं. मोबाइल लावला की गिळायचा, पण काय गिळतोय याचा पत्ता नसायचा. ते मलाच बरं वाटेना.

दिवाळीत पोरांनी अंगणात किल्ला केला, तो तिथून हलेना. म्हटलं, बघू. आमच्या साताऱ्यात खिडकी उघडली की समोर अजिंक्यतारा. ज्वारीच्या भाकरीच्या पट्ट्या कापून ताटात तट उभा केला, आत मूगडाळ घातलेल्या मेथीचा डोंगर, वाफवलेल्या गाजराचे बुरूज आणि डाळिंबाचे दाणे म्हणजे मावळे. (शेंगदाणे मुद्दाम टाळले. एवढ्या लहान पोराच्या घशात अडकतात.) नियम एकच: आधी झाडी तोडायची, मग तट फोडायचा.

"अगं, अन्नाशी कसला खेळ?" सासूबाई कुरकुरल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच वरणाचं तळं केलं!

पहिल्या दिवशी त्यानं मेथी फक्त चिवडली. मी काही बोलले नाही. नवी चव पटायला मुलांना 8-10 वेळा, कधी 15 वेळाही ती समोर यावी लागते. आग्रह केला की उलट अढी बसते. सहाव्या खेपेला डोंगराचं टोक गेलं, दोन आठवड्यांत अख्खा डोंगर.

रोज किल्ला जमत नाही. सकाळच्या घाईत तर नाहीच. तेव्हा मेथी तोच निवडतो. निम्मी पानं जमिनीवर, पण स्वतः निवडलेली भाजी खातो.

दोडका मात्र अजून अजिंक्य आहे.