कामाच्या ठिकाणचे अग्निशामक सिलिंडर कसे तपासावेत आणि सांभाळावेत

भिंतीवरचा लाल सिलिंडर येता-जाता दिसतो, आणि रोज दिसतो म्हणूनच त्याच्याकडे कोणी पाहत नाही. एका तपासणीत मी पावडरचा एक सिलिंडर हुकावरून उतरवला. पिन जागेवर, सील शाबूत, काटा हिरव्या पट्ट्यात. नळीचे टोक वळवून आत डोकावलो तर कुंभारीण माशीने तिथे घर लिंपलेले, वाळून दगडासारखे टणक झालेले. लांबून पाहणाऱ्याला त्यात काहीच वावगे दिसले नसते. तेव्हापासून माझा आग्रह एवढाच आहे, की महिन्यातून एकदा प्रत्येक सिलिंडर खाली उतरवून हातात घ्यावा. एका सिलिंडरला चार-पाच मिनिटे लागतात.

सुरुवात यादीपासून

प्रत्येक सिलिंडरला क्रमांक द्या आणि तो सिलिंडरवर व भिंतीवर, दोन्हीकडे लिहा. सिलिंडर हलवला गेला तर भिंतीवरचा रिकामा क्रमांक लगेच डोळ्यात भरतो. तपासणीची जबाबदारी नावानिशी एकाला द्या आणि तो रजेवर असेल तर कोण करणार, हेही ठरवून ठेवा. सगळ्यांवर सोपवलेले काम कोणीच करत नाही.

जागा आणि प्रकार

आधी लांब उभे राहून पाहा. सिलिंडर दिसतो का? पुढे खोकी, खुर्ची, उघडलेले दार असे काही आडवे येते का? वाट मोकळी हवी. सिलिंडर थेट जमिनीवर ठेवू नका, ओल धरून बूड गंजते. तो हुकावर किंवा स्टँडवर असावा, आणि उंची अशी हवी की ठेंगण्या माणसालाही तो उतरवता येईल.

मग लेबल वाचा. साफसफाईत किंवा रंगकामात सिलिंडर उतरवतात आणि परत टांगताना अदलाबदल होते. विजेच्या पॅनेलजवळ कार्बन डायऑक्साइडचा हवा आणि तिथे पाण्याचा येऊन बसला, तर वापरणाऱ्याच्या जिवावर बेतेल. पेटलेल्या तेलावर पाणी मारले तर उकळते तेल उडून आग पसरते, म्हणून तळणीच्या स्वयंपाकघरासाठी वेट केमिकल, म्हणजे तेलाच्या आगीसाठीच्या द्रवरूप रसायनाचा प्रकार असतो. कागद, लाकूड, कापड यांना पाणी किंवा फोम चांगला. कार्बन डायऑक्साइडने वरची ज्वाळा विझते, पण आतला निखारा धुमसत राहतो आणि पुन्हा पेट घेतो. लेबलवरची आगीच्या वर्गांची (ए, बी, सी अशी) अक्षरे सगळ्या देशांत सारखी नाहीत, तेव्हा नुसत्या अक्षरावर न जाता तिथली चित्रेही पाहा.

दाब: काटा काय सांगतो आणि काय सांगत नाही

ज्या सिलिंडरमध्ये दाब कायम भरलेला असतो, त्याच्या मानेवर दाब दाखवणारे गेज असते. काटा हिरव्या पट्ट्यात हवा. खाली गेला तर गळती आहे, वर गेला तर दाब जास्त झाला आहे, आणि दोन्ही वेळी तंत्रज्ञ बोलवायचा. गेजच्या काचेत पाणी साचले असेल किंवा काटा महिनोन्‌महिने केसभरही हलत नसेल, तर गेजच बिघडल्याचा संशय घ्या. उष्णतेने दाब थोडा वाढतो आणि थंडीत उतरतो, त्यामुळे बारीकशी हालचाल नैसर्गिक असते.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर गेज नसते, आणि त्यामागे कारण आहे. हा वायू आत दाबाने द्रवरूपात असतो. द्रव शिल्लक असेपर्यंत आतला दाब जवळपास तेवढाच राहतो, २० अंश सेल्सिअसला सुमारे ५७ बार. म्हणजे निम्मा वायू निघून गेला तरी काटा हललाच नसता. हा सिलिंडर वजनानेच तपासावा लागतो. भरलेले आणि रिकामे वजन त्याच्यावर कोरलेले किंवा छापलेले असते. आतल्या वायूचे वजन दहा टक्क्यांहून जास्त घटले की तो भरायला पाठवायचा. साडेचार किलो वायूच्या सिलिंडरमध्ये ही घट साडेचारशे ग्रॅमची होते. नळकांडे स्वतःच इतके जड असते की उचलून एवढा फरक कोणालाही कळणार नाही. त्यासाठी वजनकाटाच हवा.

काही पावडर सिलिंडरांत दाब आधीपासून नसतो. आतले छोटे गॅस कार्ट्रिज फुटले की तो तयार होतो. यांनाही गेज नसते, आणि कार्ट्रिज तपासणे हे तंत्रज्ञाचे काम आहे.

पिन आणि सील

पिन बोटांनी जागेवरच किंचित फिरवून पाहा. गंजून चिकटलेली पिन ऐन वेळी निघणार नाही. सील तुटलेले असेल तर सिलिंडर वापरला गेला आहे असेच धरून चाला, मग कोणी कितीही सांगो की ‘फक्त एकदाच दाबून पाहिला’. पावडरचा एक फवारा बाहेर पडला तरी तिचे कण व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतात, व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि दाब हळूहळू निघून जातो. त्या दिवशी काटा हिरव्यातच दिसतो, काही दिवसांनी तो शून्यावर आलेला असतो. म्हणून थोडा वापरलेला सिलिंडरसुद्धा पुन्हा भरून घ्यायलाच हवा.

तुटलेल्या सीलच्या जागी जाड तार किंवा केबल टाय कधीही बांधू नका. मूळ सील हाताच्या एका हिसक्यात तुटेल इतके नाजूक बनवलेले असते.

अंग, नळी आणि तोंड

ओलसर फडक्याने सिलिंडर पुसून घ्या. पुसताना हात सगळीकडून फिरतो आणि पोचे, रंगाचे फुगवटे बोटांना कळतात. बूड आणि वेल्डिंगचा जोड नीट पाहा, गंज तिथूनच सुरू होतो. खोल गंज असेल तर वरून रंग मारू नका. आत दाब असलेल्या भांड्याचा पत्रा पातळ झाला, तर वापरताना ते फुटू शकते. असा सिलिंडर लगेच बाजूला काढा.

नळी वाकवून भेगा पाहा आणि टोकात टॉर्च मारा. माती, कोळ्याचे जाळे, वाळलेली पावडर, काहीही सापडू शकते. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरच्या कर्ण्याला, म्हणजे वायू बाहेर पडतो त्या रुंद तोंडाला, तडा नसावा. वायू बाहेर पडताना उणे ७८ अंशांपर्यंत थंड होतो, त्यामुळे कर्णा उघड्या हाताने धरला तर कातडी भाजल्यासारखी होते. ही गोष्ट कर्मचाऱ्यांना आवर्जून सांगा. लहान बंद खोलीत तो मारून लगेच बाहेर पडायचे, हेही सांगा, कारण तिथे गुदमरण्याचा धोका असतो.

पावडरच्या सिलिंडरची आणखी एक खोड आहे. यंत्रांच्या हादऱ्यांनी किंवा गाडीतल्या धक्क्यांनी पावडर तळाशी दाबून बसते. उत्पादकाच्या सूचनेत मनाई नसेल, तर सिलिंडर सावकाश उलटा करून कान लावा. आतली पावडर सरकल्याची सळसळ ऐकू यायला हवी, हाताला वजन सरकल्याचे जाणवायला हवे. काहीच हलले नाही, तर तंत्रज्ञाला दाखवा.

शेवटी सिलिंडरला बांधलेल्या तपासणीच्या टॅगवर तारीख आणि सही. दोष सापडला तर सिलिंडर काढा आणि त्याच हुकावर त्याच प्रकारचा, निदान तेवढ्याच क्षमतेचा दुसरा लावा. हूक रिकामा ठेवायचा नाही. एक-दोन जादा सिलिंडर त्यासाठीच बाळगावेत.

वर्षाची तपासणी आणि दाबचाचणी

सिलिंडर उघडणे, भरणे, व्हॉल्व्ह खोलणे हे घरच्या पान्याने करायचे काम नव्हे. वर्षातून एकदा प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून पूर्ण तपासणी करून घ्या. त्याशिवाय ठराविक वर्षांनी नळकांड्याची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबचाचणी होते. ती पाण्याने करतात, कारण पाणी दबत नाही आणि नळकांडे फुटले तरी वायूसारखा स्फोट होत नाही. अमेरिकेतल्या एनएफपीए १० या मानकानुसार कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याच्या सिलिंडरची ही चाचणी ५ वर्षांनी होते. कायम दाब असलेल्या नेहमीच्या पावडर सिलिंडरची १२ वर्षांनी, आणि मध्ये ६ वर्षांनी तो आतून तपासतात. इतर देशांत मुदती वेगळ्या आहेत. तुम्हाला लागू असलेला नियमच पाळा.

सिलिंडर भरून आला की सही करण्याआधी क्रमांक तोच आहे का, सील नवे आहे का, काटा किंवा वजन बरोबर आहे का, हे समोरच पाहून घ्या.

आणि भरायला जाणारे सिलिंडर भरलेलेच पाठवू नका. जे नळकांडे धड आहे ते मोकळ्या जागेत, जाणकाराच्या देखरेखीखाली, कर्मचाऱ्यांच्या हातांनी रिकामे करून घ्या. चार-सहा किलोचा पावडर सिलिंडर साधारण १० ते २० सेकंदांत संपतो, हे वापरून पाहिल्याशिवाय पटत नाही. बहुतेक जण पिन ओढताना हँडल घट्ट आवळतात, पिन दाबाखाली अडकते, आणि माणूस आणखी जोर लावतो. सिलिंडर खाली टेकवा, हँडलची पकड सैल करा, पिन जराशी फिरवून ओढा. मग नळी ज्वाळेच्या बुडाशी रोखून हँडल दाबा आणि नळी डावी-उजवीकडे फिरवा. सराव झाला की रिकामे सिलिंडर तिथूनच थेट भरायला पाठवा, चुकूनही परत हुकावर लावू नका.