रोजचं शब्दकोडं: आधी घरं मोजा, मग अर्थ

'आडवे १'पासून क्रमाने सोडवायला बसलं की कोडं तिसऱ्या-चौथ्या शब्दावर अडतं. त्यापेक्षा आधी गाळलेल्या जागा शोधा. 'आयत्या बिळावर —' (नागोबा), 'नाचता येईना — वाकडे' (अंगण) अशांना दुसरं उत्तर संभवतच नाही, त्यामुळे ती सरळ ठळक लिहून टाकावीत.

बाकी सगळं फिकट. त्याला मऊ पेन्सिल बरी. टोकदार, कडक शिशाने वर्तमानपत्राचा कागद खोडताना फाटतो.

एका घरात एक अक्षर, तेही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वारासकट. जोडाक्षरालाही एकच घर. म्हणून 'भास्कर' तीन घरांत बसतो, 'दिवाकर'ला चार लागतात. आता 'सूर्य (४)' आलं तर दिनकर, दिवाकर, प्रभाकर तिघेही चालतात. पूर्ण शब्द लिहू नका. शेवटच्या दोन घरांत 'कर' लिहून थांबा. 'दिनमणी' निघाला तरी दोनच अक्षरं खोडावी लागतील. क्रियापदाचंही तेच. 'भटकणे (३)' दिसलं की शेवटी 'णे' टाका. फिरणे की हिंडणे, ते उभा शब्द सांगेल.

खरा घात होतो तो जवळजवळ बरोबर असलेल्या शब्दाने. 'कृष्णाचा भाऊ (४)' म्हणून 'बलराम' लिहिला, पहिलं आणि तिसरं अक्षर उभ्या शब्दांशी जुळलं, की माणूस निर्धास्त होतो. पण 'बळीराम'चीही तीच अक्षरं जुळतात. फरक एकट्या दुसऱ्या घरात आहे, तेव्हा त्या घरातून जाणारा उभा शब्द सुटेपर्यंत 'ल' पक्का धरू नये. किती अक्षरं जुळली यापेक्षा कोणतं जुळलं ते बघावं.

शुद्धलेखनाचा इथे रोख फायदा आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात: कवी, गुरू. 'आणि', 'परंतु' यांसारखी अव्ययं सोडली तर शेवटच्या घरात ऱ्हस्व वेलांटी आली की दोनपैकी एक शब्द चुकलाय. 'कवी'चा 'वी' आणि 'कविता'चा 'वि' एका घरात नांदू शकत नाहीत. काही कोडेकार हे पाळत नाहीत, हा वैताग आहेच. दुसऱ्या दिवशीची उत्तरं आठवडाभर ताडून पाहिली की आपल्या पेपरातला कोडेकार कोणत्या जातीचा ते कळतं.

एखादा कोपरा अजिबात हलत नसेल तर तिथे बहुधा एक शब्द चुकीचा बसलेला असतो. सर्वांत कमी छेद असलेला शब्द आधी खोडा, कारण त्याला कोणी तपासलेलंच नसतं. आणि उरलेल्या दोन घरांच्या फटींसाठी पाण्याचे पर्याय तोंडपाठ ठेवा: जल, नीर, तोय. फट बुजवायला कोडेकारही तेच वापरतात.