मोठ्या एसयूव्हीचे अलाइनमेंट करताना या चुका टाळा

गाडी रॅम्पवर चढवण्याआधीच ‘किती वेळ लागेल?’ असे विचारणारा ग्राहक आला, की पुढे काय होणार याचा मला अंदाज येतो. त्याला वीस मिनिटांत अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे काम, उरकून मशीनच्या पडद्यावरचे सगळे आकडे हिरवे झालेले हवे असतात. ते होतातही, गाडी मात्र पुन्हा डावीकडेच ओढत राहते आणि दोष मशीनला दिला जातो.

पहिली चूक म्हणजे ढिले भाग तसेच ठेवून अलाइनमेंट करणे. टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारी दांडी) एंड, बॉल जॉइंट किंवा लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश झिजलेले असतील, तर उभ्या गाडीचा टो, म्हणजे चाके पुढून किती आत-बाहेर वळलेली आहेत तो कोन, अचूक बसवता येतो, पण ब्रेक दाबताच किंवा खड्डा लागताच चाक आपली जागा सोडते, आणि लॅडर फ्रेमवरच्या (शिडीसारख्या सांगाड्यावरच्या) दोन टनांच्या गाडीत हा फरक हॅचबॅकपेक्षा लवकर जाणवतो. स्प्रिंग लोअर आर्मवर टेकलेली असेल, तर मी जॅक त्या आर्मखाली लावून चाक उचलतो, म्हणजे बॉल जॉइंटवरचा भार निघतो. मग चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवतो आणि नंतर नऊ आणि तीनच्या जागी. पहिल्या वेळी प्ले (ढिलेपणा) जाणवला तर बॉल जॉइंट तपासतो, दुसऱ्या वेळी जाणवला तर टाय रॉड, आणि दोन्ही वेळी जाणवला तर व्हील बेअरिंग. बुशसाठी मात्र टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्म हलवावाच लागतो, नुसते टॉर्चने पाहून काही कळत नाही.

दुसरी चूक पाहिली की माझा संयम सुटतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरके राहते म्हणून काही जण मधला नट सोडून स्टिअरिंगच काढतात आणि एक दात सरकवून पुन्हा बसवतात. माझ्या मावसभावाच्या सात आसनी गाडीवर असाच प्रयोग झाला होता. नव्या टायरांबरोबर मिळालेल्या फुकट अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग उजवीकडे झुकले, तक्रार केल्यावर तिथल्या मुलाने ते पाच मिनिटांत ‘सरळ’ करून दिले आणि भाऊ खूश झाला. आठवडाभराने कसारा घाटातल्या एका तीव्र वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवताना आतून कट्ट असा आवाज आला, हॉर्न बंद पडला आणि एअरबॅगचा दिवा पेटला. स्टिअरिंग काढलेले असताना त्याखालची स्पायरल केबल, म्हणजे हॉर्न आणि एअरबॅगला जोडणारी गुंडाळलेली केबल, फिरली होती. तिला जेवढे फेरे मिळायला हवेत तेवढे एका बाजूला उरले नव्हते, म्हणून तिची पट्टी तुटली.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी आधी लॉकनटबाहेर दिसणारे आटे मोजले. डाव्या टाय रॉडला अकरा आणि उजव्याला अठरा. मूळ घोटाळा तिथेच होता, कारण टो बसवताना त्या मुलाने एकच बाजू फिरवली होती. नवी केबल मध्यावर आणून बसवली, स्टिअरिंग मूळ खुणेवर घेतले, होल्डरने सरळ पकडून ठेवले आणि दोन्ही टाय रॉड मिळून टो बसवला. टो बरोबर असून केवळ स्टिअरिंग तिरके असेल, तर एक टाय रॉड जितका लांबवावा तितकाच दुसरा आखडावा, म्हणजे टो हलत नाही. स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरण रोखणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत यानंतर स्कॅनर लावून स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य बिंदूही पाहावा लागतो.

फॉर्च्युनरसारख्या गाड्यांत लोअर आर्मच्या कॅम बोल्टने कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कास्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे कल) बदलता येतो. हे बोल्ट चाके अधांतरी असताना पक्के करू नयेत, अन्यथा गाडी खाली येताच बुश पिळले जातात आणि लवकर फाटतात. गाडी उंच करून मोठे टायर टाकणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावे की वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येणे बरेचसे कास्टरवर अवलंबून असते. तो कमी झाला की हायवेवर गाडी भरकटू लागते, आणि त्या वेळी केवळ टो फिरवत बसून उपयोग होत नाही.

हवा न तपासता गाडी रॅम्पवर घेऊ नये. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर आधी चाकांचे बॅलन्सिंग (वजनाचा समतोल) पाहावे. स्टिअरिंग जड झाले असेल, तर हवा, पॉवर स्टिअरिंगचे ऑइल आणि बेल्ट तपासल्याखेरीज अलाइनमेंटचे पैसे खर्च करू नयेत.

गाडी एका बाजूला ओढत असेल, तर मी पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून पाहतो, मात्र एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले टायर असतील तर नाही. ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टायरचा असतो. पाणी वाहून जावे म्हणून आपले रस्ते डावीकडे किंचित उतरते असतात, त्यामुळे थोडी डावी ओढ मी दोष मानत नाही. ट्रायलला मालकाला शेजारी बसवतो आणि दुपारी मोकळ्या असणाऱ्या सपाट रस्त्यावर स्टिअरिंगवरची पकड सैल करून दाखवतो. घाईत असलेले ग्राहक नेमके याच वेळी फोन काढून बसतात.