गाडी बसली? स्प्रिंगा बदलताना या चुका टाळा

मी जुनी मारुती ८०० घेतली तेव्हा मागे तिघं बसली की ती प्रत्येक गतिरोधकाला घासायची. गॅरेजमध्ये सांगितलं, शॉकअप गेलेत. दोन्ही बदलले. गाडीचं डुलणं थांबलं, घासणं तसंच राहिलं. गाडीचं वजन शॉकअप उचलतच नाही, ते स्प्रिंग उचलते. स्प्रिंगचं वरखाली उसळणं आवरणं एवढंच शॉकअपचं काम. गाडी डुलत असेल तर शॉकअप बघा, गाडी बसली म्हणजे खाली दबली असेल तर स्प्रिंग बघा. जुन्या गाडीवर सगळ्यात जास्त पैसा याच गोंधळात वाया जातो.

खर्चाआधी मोजमाप घ्या, त्याला एक टेप पुरते. टायरमध्ये हवा बरोबर भरा, डिकी रिकामी करा, गाडी सपाट जागेवर थोडी पुढे-मागे ढकलून उभी करा. मग चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांवर मोजून लिहून ठेवा. पुढच्या दोन किंवा मागच्या दोन चाकांत डाव्या-उजव्या बाजूचा फरक दीड सेंटिमीटरच्या वर गेला, तर एक स्प्रिंग दबली किंवा तुटली असण्याची दाट शक्यता आहे. तुटते ती बहुधा सर्वांत खालच्या वेढ्यात. तिथे चिखल साचतो, रंग उडतो, गंजाने खळगा पडतो. समुद्राकाठच्या गाड्यांत तर हे हमखास बघावं. तुटलेला तुकडा खालच्या बैठकीतच अडकून राहतो, त्यामुळे वरवर पाहून कळत नाही. टॉर्च लावून शेवटच्या टोकापर्यंत बघा. दोन्ही बाजू सारख्याच बसल्या असतील तर डावं-उजवं जुळतं आणि आपण फसतो. अशा वेळी त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीचं माप घेऊन ताडून पाहा.

दबलेल्या स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर घालणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणून सुचवला जातो. गाडी उचलते हे खरं. पण बफर घातलेले वेढे काम करेनासे होतात, सगळा भार उरलेल्यांवर येतो आणि खड्ड्यात दणका थेट बॉडीला बसतो. नवी स्प्रिंग मिळेपर्यंतचे चार दिवस ठीक. तुटलेल्या स्प्रिंगवर तर मुळीच नको.

जुनी गाडी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाने स्प्रिंग कापली आहे का, हेही बघा. शेवटच्या वेढ्याचं टोक ग्राइंडरने कापल्यासारखं दिसतं आणि गाडी जॅकवर उचलली की स्प्रिंग जागेवर सैल होते. काम करणारे ६ वेढे असलेल्या स्प्रिंगचा एक कापला की ती २० टक्के कडक होते, कारण कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात बदलतो. म्हणजे गाडी खालीही जाते आणि आपटतेही. गाडी खाली आणायला गॅसने तापवून दबवलेली स्प्रिंग त्याहून वाईट. पोलादाला दिलेलं पाणीच, म्हणजे त्याचा कणखरपणा, उतरतं आणि ती दबतच राहते. वेल्डिंग करून किंवा पुन्हा ताणून यातलं काहीही दुरुस्त होत नाही. अशी स्प्रिंग बदलायचीच.

स्वस्तात मिळते म्हणून कुर्ल्याच्या किंवा नाना पेठेच्या बाजारातली वापरलेली स्प्रिंग घ्यावीशी वाटते. पण ती तुमच्या स्प्रिंगइतकीच म्हातारी असू शकते. माझं मत स्पष्ट आहे: स्प्रिंग नवीच घ्या आणि एका ॲक्सलची जोडी एकदमच बदला. पैसे वाचवायचेच तर मागची जोडी दबली असताना पुढचीला हात लावू नका. चासी नंबर सांगून पार्ट नंबर काढून घ्या, कारण एकाच गाडीच्या पेट्रोल आणि डिझेल मॉडेलच्या पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या असू शकतात. डिझेलचं इंजिन जड असतं. नंतर सीएनजी किट बसवलं असेल, तर तुमच्या मॉडेलची कंपनीची सीएनजी आवृत्ती होती का आणि तिच्या मागच्या स्प्रिंगचा नंबर कोणता, हे नक्की विचारा. टाकीचं वजन कायम मागेच असतं. पुढचं काम काढलंच आहे तर वरचं माउंटिंग, बेअरिंग आणि बंप स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबल्यावर दणका झेलणारं रबर) तपासून खराब असतील ते त्याच वेळी बदला, मजुरी दुसऱ्यांदा पडत नाही.

एक गोष्ट मात्र जिवाशी आहे. पुढच्या स्ट्रटचा (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या भागाचा) वरचा मधला नट स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय कधीही सोडू नका. आत दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जखमी होतो, जीवही जाऊ शकतो. स्प्रिंग दाबायच्या कॉम्प्रेसरचे दोन हुक समोरासमोर लावून आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, तोंड स्प्रिंगच्या रेषेत आणायचं नाही. चांगला कॉम्प्रेसर नसेल तर हे काम गॅरेजलाच द्या. मागची स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी असलेल्या गाड्यांत काम सोपं आहे. फक्त ॲक्सल खाली सोडताना ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हे बघा.

बसवताना स्प्रिंगचं टोक बैठकीच्या खाचेत नेमकं टेकलं पाहिजे. बुशचे (सांध्यातल्या रबरी नळीचे) बोल्ट चाकं लोंबकळत असताना पक्के करू नका. गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी राहिल्यावर शेवटचा आवळा द्या, नाहीतर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. २००-३०० किलोमीटर चालवल्यावर नव्या स्प्रिंगा बैठकीत बसतात. तेव्हा चारही मापं पुन्हा घ्या, व्हील अलाइनमेंट करा आणि हेडलाइटचा झोत तपासा. गाडीची उंची बदलली की तोही बदलतो.