इंग्लंडमध्ये घर घेताना ‘एक्स्पेडाइट फी’ भरावी का?

इंग्लंड किंवा वेल्समध्ये घर घ्यायला निघालात की सॉलिसिटरच्या (खरेदीचं कायदेशीर काम बघणाऱ्या वकिलाच्या) कोटेशनमध्ये खाली कुठेतरी ‘एक्स्पेडाइट फी’, म्हणजे काम लवकर करण्याची जादा फी, अशी ओळ सापडते. काहीशे पौंड आणि त्यावर २० टक्के व्हॅट. हा चहापाण्याचा प्रकार नाही, रीतसर बिल मिळतं. पण त्या पैशांत नेमकं काय विकत मिळतं हे कळल्याशिवाय सही करू नका. (स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे, हे तिथे लागू नाही.)

आधी एक फरक डोक्यात पक्का करा. आपल्याकडे इसार देऊन साठेखत झालं की दोन्ही बाजू बऱ्यापैकी बांधल्या जातात. इथे ऑफर स्वीकारली गेली म्हणजे काहीच झालेलं नसतं. ‘एक्सचेंज ऑफ कॉन्ट्रॅक्ट्स’, म्हणजे दोन्ही बाजूंना बांधणाऱ्या करारांची अदलाबदल, होईपर्यंत विक्रेता जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो आणि तुम्हीही पाय मागे घेऊ शकता. एक्सचेंजला साधारण १० टक्के डिपॉझिट जातं, मग ठरलेल्या दिवशी कम्प्लिशन होतं आणि किल्ल्या मिळतात. ऑफरपासून किल्ल्यांपर्यंत तीन-चार महिने सहज जातात. घाई व्हावीशी वाटते ती एक्सचेंजच्या आधीच्या या अधांतरी काळाची.

जास्तीची फी भरली की तुमच्या सॉलिसिटरच्या टेबलावरचं काम पुढे सरकतं. फाइल लगेच उघडते, कॉन्ट्रॅक्टचा मसुदा आला की त्याच आठवड्यात वाचला जातो, शंका लवकर पाठवल्या जातात. बस, इतकंच. विक्रेत्याचा सॉलिसिटर, कौन्सिल, कर्ज देणारी बँक, लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरच्या) इमारतीची देखभाल बघणारा मॅनेजिंग एजंट यांच्यावर तुमच्या फीचा काडीचा परिणाम होत नाही. त्यात ‘चेन’ असली, म्हणजे तुमचा विक्रेता पुढचं घर घेतोय आणि त्याचा विक्रेता त्याच्या पुढचं, तर सगळी साखळी सगळ्यात ढिल्या कडीच्या वेगाने चालते. अशा व्यवहारात ही फी भरणं म्हणजे घाटात अडकलेल्या एसटीत पुढची सीट पकडणं.

फी सार्थकी लागते ती तारीख बाहेरून लादलेली असेल तेव्हा. नवीन बांधकामात बिल्डर बहुधा २८ दिवसांत एक्सचेंज मागतो. पारंपरिक लिलावात हातोडा पडताक्षणी एक्सचेंज झालेलं असतं आणि बहुतेकदा २८ दिवसांत पूर्ण पैसे द्यायचे असतात. मॉर्गेज ऑफरची (बँकेच्या गृहकर्ज मंजुरीची) मुदत संपत आलेली असेल तरही विचार करावा. अशा वेळी फर्मकडून लेखी घ्या: फाइल कोण बघणार, ईमेलला किती दिवसांत उत्तर, आणि तारीख फर्मच्या चुकीने हुकली तर फी परत मिळणार का. तिसऱ्या प्रश्नावर गोलमोल उत्तर आलं तर पैसे खिशातच ठेवा.

वेळ खरोखर वाचवणारे पैसे दुसरीकडेच असतात. सर्चेस, म्हणजे कौन्सिल, पाणी-ड्रेनेज, पर्यावरण वगैरेंची तपासणी, सॉलिसिटर नेमल्याच्या दिवशीच मागवायला सांगा. बरेच जण सर्व्हे होईपर्यंत थांबतात, व्यवहार मोडला तर सर्चचे पैसे बुडतील म्हणून. ती जोखीम परवडत असेल तर काही आठवडे वाचतात, कारण काही कौन्सिलं उत्तराला बराच वेळ लावतात. खासगी कंपनीकडून ‘पर्सनल सर्च’ लवकर होतो, पण तुमची बँक तो मान्य करते का हे आधी विचारा. लीजहोल्ड फ्लॅट असेल तर ‘एलपीई१’ नावाची माहितीपत्रिका मॅनेजिंग एजंटकडून यावी लागते आणि बहुतेक फ्लॅट तिथेच रखडतात. तिची फी विक्रेता भरतो. तातडीचा जादा दर असेल तर तो तुम्ही देऊ करा, हा खर्च एक्स्पेडाइट फीपेक्षा कितीतरी कामाचा.

लँड रजिस्ट्रीकडे प्रलंबित अर्जामुळे व्यवहार अडला असेल, तर अर्ज तातडीने हाताळण्याची विनंती सॉलिसिटर करू शकतो. रजिस्ट्री त्याचे पैसे घेत नाही. बिलात ‘लँड रजिस्ट्री एक्स्पेडाइट’ असा आकडा दिसला तर तो सॉलिसिटरच्या पत्राचा आहे, रजिस्ट्रीचा नाही.

आता आपल्या लोकांची फाइल जिथे हमखास अडते ती जागा: पैसा कुठून आला. मनी लाँडरिंगच्या नियमांमुळे सॉलिसिटरला प्रत्येक मोठ्या रकमेचा माग लावावा लागतो. पुण्याहून आईवडिलांनी पैसे पाठवले तर गिफ्ट लेटर (पैसे परत मागणार नाही, घरात हक्क सांगणार नाही), त्यांची ओळखपत्रं, आणि त्यांच्याकडे ते कुठून आले याचा पुरावा लागतो: एफडी मोडल्याची पावती, जमीन विकल्याचं खरेदीखत. खरेदीखत मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर करून ठेवा. ते ऐनवेळी करायला गेलात की दोन आठवडे गेलेच समजा. भारतात राहणारी एक व्यक्ती एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली) आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकते. भेट म्हणून १० लाख रुपयांच्या वर गेलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ गोळा केला जाणारा कर) वेगळा घेते. तो आयकरात वळता होतो, पण तोवर तेवढे पैसे हाताशी लागतात. तुमच्या एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या खात्यातून) काढायचे तर चार्टर्ड अकाउंटंटच्या दाखल्याची तयारी ठेवा. रक्कम पाच नातेवाइकांकडून तुकड्यातुकड्यांत आणू नका, कारण मग पाच फाइली होतात.

स्टॅम्प ड्यूटीचा घोळही इथेच मिटवा (हे फक्त इंग्लंडचं, वेल्समधला कर वेगळा आहे). ठाण्यात किंवा नाशकात तुमच्या नावावर घर असेल, तर इथे ‘फर्स्ट टाइम बायर’ची सवलत मिळत नाही. शिवाय त्यातल्या तुमच्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असेल तर दुसऱ्या घराचा ५ टक्के अधिभार बसू शकतो. नवरा-बायकोपैकी एकाच्या नावावर असलं तरी तेच. ४,००,००० पौंडांच्या घरावर पहिल्या घराला ५,००० पौंड, सवलत नसेल तर १०,००० आणि अधिभारासह ३०,००० भरावे लागतात. आधीच्या १२ महिन्यांत इथे १८३ दिवस राहिला नसाल तर आणखी २ टक्के, म्हणजे ८,०००. पुढे १८३ दिवस भरले की हे २ टक्के परत मागता येतात, पण आधी भरावेच लागतात. म्हणजे नुकते आलेले असाल तर कम्प्लिशन काही आठवडे पुढे ढकलणं हेच फायद्याचं ठरू शकतं! अशा वेळी फी भरून घाई करणं म्हणजे उलटा धंदा.

कम्प्लिशनच्या आठवड्यात पैसे आदल्या दिवशीच सॉलिसिटरकडे पोचवा. चॅप्सने (मोठ्या रकमा पाठवण्याच्या बँकांच्या यंत्रणेने) रक्कम त्याच दिवशी जाते, पण बँकेची दिवसाची मर्यादा आणि वेळेची अट असते. शुक्रवार टाळता आला तर उत्तम, त्या दिवशी सगळेच घर बदलत असतात. आणि खात्याचा नंबर बदलल्याचा ईमेल आला, तर पहिल्या पत्रावरच्या फोन नंबरवर स्वतः फोन करून खात्री केल्याशिवाय एक पौंडही पाठवू नका.